पात्राच्या डोळ्यांत पाणी नेमके कशाने येते?

नवोदितांच्या कथा वाचताना एक गोष्ट वारंवार खटकते: पात्रे फार हावभाव करतात. संवादाच्या दर दोन ओळींनंतर कुणाच्या भुवया उंचावतात, कुणी आवंढा गिळते, कुणाच्या कपाळावर आठ्या पडतात. आणि एवढे होऊनही त्या माणसाच्या मनात काय चालले आहे, हे वाचकाला कळत नाही. माझ्या मते वर्णन तिथे कमी पडलेले नसते, ते कारणापासून तुटलेले असते.

भरतमुनीच्या नाट्यशास्त्र या प्राचीन ग्रंथात नटासाठी केलेली देहाची मोजदाद थक्क करणारी आहे. दृष्टीचेच ३६ प्रकार, मस्तकाच्या १३ हालचाली, भुवयांच्या ७. मात्र रसाची, म्हणजे प्रेक्षकाला मिळणाऱ्या भावनेच्या आस्वादाची, निष्पत्ती सांगताना भरत अनुभावाला, म्हणजे भावनेच्या शरीरावर उमटणाऱ्या खुणेला, एकटे ठेवत नाही. विभाव, म्हणजे भावना जागवणारे कारण, आणि व्यभिचारी भाव, म्हणजे तिच्यासोबत येणारे-जाणारे भाव, यांच्याशी त्याचा संयोग व्हावा लागतो. मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने काव्यप्रकाश या ग्रंथात याचे कारण दिले आहे. अश्रुपात शृंगारात होतो, तसा करुणात आणि भयानकातही होतो, तेव्हा केवळ अश्रूंवरून रस ठरत नाही. पुढे तो एक सवलतही देतो, आणि कथाकाराच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची आहे: एखादी खूण पुरेशी असाधारण असेल, तर उरलेल्या दोन गोष्टी ती स्वतःच सुचवते.

समजा, दुय्यम निबंधक कार्यालयात एक बहीण वडिलांच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही करते आहे. ‘तिचे डोळे पाणावले, ओठ थरथरले, तिने कसाबसा हुंदका आवरला’ असे लिहिले, तर त्यातले एकही अक्षर खोटे नाही. पण हीच वाक्ये लग्नाच्या, मृत्यूच्या किंवा परीक्षेच्या निकालाच्या प्रसंगी जशीच्या तशी चालतील. त्याऐवजी असे लिहून पाहावे: ‘सही झाल्यावर तिने पेनाला टोपण लावले, पेन भावाच्या खिशाला अडकवले आणि त्याच्या शर्टाची दुमडलेली कॉलर सरळ केली.’ इथे चेहऱ्याचा उल्लेखच नाही. तरीही थोरल्या बहिणीची सवय, आजही न सुटलेली माया आणि आपण काय देऊन टाकले याची जाणीव अशा तिन्ही गोष्टी त्या हातांत येतात. भाऊ त्या वेळी कुठे पाहत होता, एवढे एक वाक्य जोडले की प्रसंग पुरा होतो.

चेहरा कोण पाहते आहे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. प्रथमपुरुषी निवेदक ‘माझा चेहरा पांढराफटक पडला’ असे सांगू लागला, की त्याच्या हाती आरसा कुणी दिला अशी शंका येते. भरताने सांगितलेले आठ सात्त्विक भाव, म्हणजे स्तंभ (जागीच खिळणे), स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु (कंप), वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणे), अश्रू आणि प्रलय, या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत. घाम, काटा, कंप, फुटलेला आवाज हे ज्याचे त्याला आतून कळते. वैवर्ण्य मात्र समोरच्यालाच दिसते. प्रलयात तर शुद्धच हरपते, त्यामुळे निवेदकाला ते नंतर दुसऱ्याकडूनच कळावे लागेल. म्हणून निवेदकाच्या वाट्याला कोरडा पडलेला घसा आणि तापलेल्या कानाच्या पाळ्या द्याव्यात, आणि उतरलेला चेहरा समोरच्या पात्राच्या नजरेतून किंवा बोलण्यातून यावा.

शिवाय आपली मराठी यात मोठी काटकसर साधून देते. हिरमुसणे, वरमणे, ओशाळणे, कसनुसे हसणे यांत भावना आणि चेहरा एकत्रच येतात. ‘तो वरमला’ म्हटल्यावर त्याची मान पुन्हा खाली घालायची गरज उरत नाही.

हालचाल पात्राच्या वयाची आणि वस्तीचीही असावी लागते. खांदे उडवणे शहरातल्या तरुणांच्या अंगवळणी पडले आहे, हे मान्य. परंतु कथेतल्या ऐंशी वर्षांच्या आजींनी खांदे उडवले की माझा त्या आजींवरचा विश्वास उडतो. त्या बहुधा तळहात उलटा करून ‘मला मेलीला काय ठाऊक’ म्हणतील आणि पुन्हा सुपातले तांदूळ निवडू लागतील.