दारातली डोंगरची मैना

2019 च्या मे महिन्यात गगनबावड्याकडून पाटी घेऊन आलेल्या मावशींकडून द्रोणभर करवंदं घेतली. खाऊन झाल्यावर बिया टाकवेनात. फुलेवाडीतल्या आमच्या घरामागच्या कुंपणाला काटेरी जाळी हवीच होती. बिया धुऊन दोन दिवस सावलीत वाळवल्या आणि लगेच पिशव्यांत पेरल्या. करवंदाची बी ठेवून दिली की पुढं उगवत नाही. फांद्याही खोचून पाहिल्या होत्या, एकही रुजली नाही.

तीस पिशव्यांत बावीस रोपं आली. मग तो ऑगस्ट आला. पंचगंगेचा महापूर आमच्या दारापर्यंत पोचला नाही, पण पाऊस उघडेना आणि पिशव्यांतल्या काळ्या मातीचा चिखल झाला. रोपं बुडाशी कुजत गेली, सहाच वाचली. रोज सकाळी एखादं मान टाकलेलं दिसायचं, फार जीवाला लागलं. पुढच्या जूनमध्ये लावताना खड्ड्यातली काळी माती निम्मी काढली, तांबडी माती आणि मुरूम मिसळला, आणि रोपं उंचवट्यावर बसवली. नंतर एकही दगावलं नाही.

पण फळ धरेना. 2022 गेलं, 2023 गेलं. जाळी छातीएवढी, पानं तुकतुकीत, फुलाचा मात्र पत्ता नाही. मी बारा महिने दिवसाआड पाणी घालत होते, शेणखतही देत होते, आणि दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत शेंडे छाटून कुंपण सारखं करून घेत होते. शेवटी त्याच मावशींना विचारलं.

"डोंगरात कोण पाणी घालतंय त्येला? आणि दिवाळीला शेंडं छाटल्यावर फूल कुठं धरंल, बाई?"

करवंदाचे फुलोरे फांदीच्या टोकाशी येतात. मी तीच टोकं कापत होते! त्या वर्षी दिवाळीत कात्रीला हात लावला नाही, पावसाळा सरल्यावर पाणीही तोडलं. फेब्रुवारी 2024 मध्ये जुईसारखी पांढरी फुलं आली. सकाळी मागचं दार उघडलं की वास आत यायचा. त्या आठवड्यात घरी आलेल्या प्रत्येकाला मी मागच्या दारी नेलं.

आता पाणी देते ते फळ धरल्यावर, तेही पंधरा दिवसांतून एकदा. छाटणी जूनमध्ये, शेवटचं फळ उतरलं की लगेच, म्हणजे पावसात फुटलेल्या नव्या फांद्यांना फुलापर्यंत पुरेसा वेळ मिळतो. छाटताना पांढरा चीक गळतो आणि कपड्यावर पडला तर डाग जात नाही, म्हणून जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते. काटे जोडीनं असतात. एकातून हात सोडवताना दुसरा लागतो, तेव्हा घाई करायची नाही.

एप्रिलमध्ये थोडी कच्ची काढून सासूबाई लोणचं घालतात. बाकीची मेपर्यंत झाडावर. काळं दिसलं म्हणून ओढायचं नाही, नुसत्या बोटानं सुटलं तरच ते पिकलं. देठाला दूध आलं की ती फांदी आणखी चार दिवस सोडते. तोवर बुलबुल वरची खाऊन जातात, त्यांना मी हाकलत नाही.