तुम्ही विचारलंत म्हणून: पोरांच्या हातात मोबाईल आहेच, मग शाळेत कॉम्प्युटर कशाला?

लग्नात भेटलेले पाहुणे विचारतात, पालकसभेत विचारतात, परवा तर एसटीत शेजारी बसलेल्या काकूंनी विचारलं, की बाई, पोरं आधीच मोबाईल सोडत नाहीत, घास भरवायचा तरी यूट्यूब लागतं, आणि तुम्ही परत शाळेत कॉम्प्युटर शिकवताय, ते कशाला? विचारणाऱ्याच्या पोटात काळजी असते म्हणून मला नीट उत्तर द्यायचं होतं, पण काकूंचा स्टॉप आला आणि राहून गेलं. तर आता लिहिते.

मी भोर तालुक्यात एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली ते पाचवी, द्विशिक्षकी, २७ मुलं. गावची जी पोरं पुण्याला कंपनीत आहेत त्यांनी खटपट करून ऑफिसातले जुने ४ कॉम्प्युटर मिळवले, टेम्पोचं भाडं ग्रामस्थांनी दिलं. त्यातले ३ चालतात. इन्व्हर्टर लोकवर्गणीतून आला, कारण पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही.

पहिल्या दिवशी तिसरीतला एक मुलगा खुर्चीत बसला आणि त्याने मॉनिटरवर बोट सरकवलं. काहीच झालं नाही. परत सरकवलं, जरा जोरात. मग माझ्याकडे वळून म्हणाला, बाई, हा बिघडलाय. हा मुलगा घरी माईकचं चिन्ह दाबून, तोंडाने बोलून पाहिजे तो व्हिडिओ काढतो, बैलगाडा शर्यतीचे सगळे व्हिडिओ त्याला पाठ आहेत, आणि त्याला स्वतःचं नाव टाईप करता येत नव्हतं, केलेलं काम कुठे ठेवायचं, परत कसं शोधायचं, यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. पालक म्हणतात आमच्या पोराला मोबाईलमधलं सगळं येतं, त्या सगळ्यात हे एवढंच असतं. पानात वाढलेलं खाता येतं पण चुलीपाशी कधी बसलेलाच नाही, तसं. एक व्हिडिओ संपला की पुढचा कुठला लागणार ते मोबाईल ठरवतो, मूल बघत बसतं. मला ते मूल मशीनला काम सांगताना बघायचंय, आणि सांगितलेलं चुकलं तर का चुकलं ते शोधताना.

यातलं निम्मं काम मशीनशिवाय होतं हे मी आवर्जून सांगते, कारण बऱ्याच शिक्षकांना वाटतं की लॅब नाही तर काही करता येत नाही. आम्ही रांगोळीपासून सुरू केलं. ठिपक्यांची, ५ ठिपके ५ ओळी. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसतात, एकाच्या पाटीवर रांगोळी काढलेली, दुसऱ्याच्या पाटीवर नुसते ठिपके, आणि पहिल्याने फक्त बोलून दुसऱ्याकडून तीच रांगोळी काढून घ्यायची. पहिल्या वेळी भांडणं होतात. "इकडून तिकडे जोड" म्हटलं तर इकडून म्हणजे कुठून? मग हळूहळू भाषा बदलते, "वरून दुसरी ओळ, डावीकडून तिसरा ठिपका, तिथून खाली दोन ठिपके" असं यायला लागतं, आणि एक दिवस चौथीतली एक मुलगी म्हणाली, आता हेच अजून तीनदा कर, दरवेळी पाटी फिरवून. चारी बाजू सारख्या आहेत हे तिचं तिने पाहिलं आणि सांगायचं काम चौथाईवर आणलं. कॉम्प्युटरवाले याला लूप म्हणतात. मी तो शब्द तिला दोन महिन्यांनी सांगितला, तोवर काही अडलं नाही.

मग लोगो. हे काही नवीन नाही, १९६७ सालचं आहे, सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉलेस फोर्झाइग यांनी अमेरिकेत खास मुलांसाठी केलेली कॉम्प्युटरची भाषा. पडद्यावर एक कासव असतं, त्याला पुढे जा, वळ असं सांगायचं, ते चालेल तशी रेघ उमटते. सुरुवातीच्या काळात तर जमिनीवर फिरणारं, पेन लावलेलं यंत्राचं कासवपण होतं. आज मुलांसाठी स्क्रॅच आहे, पडद्यावर सूचनांचे ठोकळे जोडून काम सांगायचं, २००७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातून आलेलं, अगदी लहानांसाठी स्क्रॅच ज्युनिअर आहे ज्यात ठोकळ्यांवर अक्षरंच नाहीत, चित्रं आहेत, आणि दोन्ही फुकट आहेत. पण आमच्या जुन्या मशीनवर लोगो पळतं आणि मला ते मनापासून आवडतं.

चौरस सगळ्यांना जमला. एफडी १०० म्हणजे १०० पावलं पुढे, आरटी ९० म्हणजे उजवीकडे ९० अंश वळ, हे चारदा. मग पाचवीच्या दोघींना म्हटलं त्रिकोण काढा, तिन्ही बाजू सारख्या. त्यांना माहीत होतं की अशा त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६०, म्हणून त्यांनी वळायला ६० दिलं, तीनदा. पडद्यावर झाली अर्धी वाटी, तोंड उघडं. दोघी गप्प. परत केलं, तीच वाटी. मग एकीने तीनच्या जागी सहा घातलं आणि ओरडली, "बाई, मधमाशीचं घर झालं!" षटकोन बंद झाला होता, छान झाला होता, पण मागितला होता त्रिकोण. मी उत्तर सांगितलं नाही (फार अवघड जातं हे, जीभ शिवशिवते). खो-खोची फक्की घेतली आणि अंगणात मोठा त्रिकोण आखून दिला, म्हटलं यावर चाला आणि कोपऱ्यावर काय होतं ते बघा. एक चालली, दुसरी बघत राहिली. कोपऱ्यावर पोचल्यावर चालणारीचं तोंड सरळ पुढे, मंदिराकडे, आणि दुसऱ्या बाजूवर जायचं तर तिला बरंच वळावं लागत होतं, जवळजवळ मागेच. "६० आतला आहे, मी बाहेरून वळतेय," असं तिचं वाक्य होतं, जसंच्या तसं. कोनमापक घेऊन आल्या, १२० निघाले, पळत आत गेल्या. आता तुम्हीच सांगा, हा तास कॉम्प्युटरचा झाला का गणिताचा.

टाईपिंग आम्ही इनस्क्रिप्टवर शिकतो, म्हणजे इंग्रजीत आमी-तुमी लिहून मराठी उमटवायची पद्धत नाही, सरळ मराठी अक्षरांचा कीबोर्ड. मोठी माणसं याला घाबरतात, पण ज्या मुलाला अजून इंग्रजी स्पेलिंग येत नाही त्याला हाच सोपा जातो. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. मुलांना यात मजा काय वाटते, तर कच्याच बटनावर शिफ्ट धरला की ख, गवर घ, तवर थ, पवर फ. कोणीतरी म्हणालं, बाई, शिफ्ट म्हणजे जोरात श्वास! महाप्राण हा शब्द मी बीएडला ऐकला होता, या पोराने तो बोटाने शोधला. जोडाक्षराचंही तसंच. "पुस्तक" लिहिताना स, मग पाय मोडायचं बटन, मग त, आणि स मुलाच्या डोळ्यांसमोर अर्धा होऊन तला चिकटतो. वहीत जो मुलगा स्त कायम चुकवायचा त्याने हे दहा-बारा वेळा नुसतं बघण्यासाठी केलं. आणि "दिवा" लिहिताना आधी द दाबायचा, वेलांटी नंतर, तरी ती उडी मारून दच्या आधी जाऊन बसते, याच्यावर तर अख्खा वर्ग हसला.

वेळेचं म्हणाल तर आठवड्यातून दोनदा, २५ मिनिटं, एका मशीनवर दोघं. एकाचा हात माऊसवर, दुसऱ्याने फक्त बोलायचं, माऊसला हात लावायचा नाही, मग अदलाबदल. मशीन तीनच म्हणून असं सुरू केलं होतं, आता दहा मिळाली तरी मी असंच ठेवीन, कारण एकटं बसलेलं मूल अडलं की गप्प होतं आणि दोघं अडली की बोलायला लागतात.

आणि फसवणुकीबद्दल पण बोलतो, दुसरीपासूनच. घरात एकच फोन असतो आणि तो बऱ्याचदा पोरांच्याच हातात असतो, मग "आज रात्री तुमची वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा" असले मेसेज पहिल्यांदा पोरंच वाचतात. एक मुलगी तसला मेसेज वहीत उतरवून घेऊन आली, बाई हे खरं का? आम्ही तो फळ्यावर लिहिला. नंबर साधा मोबाईलचा, ग्राहक क्रमांक कुठेच नाही, घाई भयंकर. ओटीपी कोणालाच सांगायचा नाही, अगदी बाईंनी मागितला तरी नाही, आणि पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनवर लगेच फोन करायला घरच्यांना सांगायचं, हे माझी मुलं पाढ्यासारखं म्हणून दाखवतात.

मशीन आणून ठेवलं की मुलं शिकतात असं मात्र नाही. आपल्याकडे २००७ मध्येच रायगडमधल्या कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या छोट्या शाळेत 'वन लॅपटॉप पर चाईल्ड' योजनेतले, खास मुलांसाठी बनवलेले हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते, पुढे शहापूर तालुक्यात पाष्टेपाड्याला संदीप गुंड गुरुजींनी गावाला सोबत घेऊन डिजिटल शाळा उभी केली, ती बघून कितीतरी शाळांनी हुरूप घेतला. पण मी अशाही शाळा पाहिल्यात जिथे टीव्हीच्या खोक्यावरची चिकटपट्टी तशीच आहे, कारण देणाऱ्याने फोटो काढला आणि गेला, शिक्षकाला कुणी दोन दिवस सोबत बसून दाखवलं नाही. मला याचा खरंच राग येतो.

शहरातल्या मैत्रिणी विचारतात की सहा वर्षांच्या मुलीला कोडिंगचा क्लास लावू का, हजारो रुपये फी आहे. नका लावू. तिच्यासोबत ठिपक्यांची रांगोळी काढा, पाठीला पाठ लावून, आणि ती चुकीचं सांगेल तेव्हा तसंच चुकीचं काढा, मनाने दुरुस्त करू नका. फोन द्यायचाच तर तिच्याकडून आजीला एक मेसेज मराठीत टाईप करून घ्या, वेळ लागू दे.

चौथं मशीन अजून बंदच आहे, चालू केलं की तीनदा बीप वाजून थांबतं. आमचाच एक माजी विद्यार्थी आयटीआयला आहे, तो शनिवारी सकाळच्या शाळेला येऊन उघडून बघणार आहे. पाचवीच्या त्या दोघींनी स्क्रू ठेवायला वाट्या आणायचं कबूल केलंय, कुठला स्क्रू कुठला ते लिहून ठेवायला चिठ्ठ्यापण करून ठेवल्यात.