समोरच्या प्लॉटवर शाळेचं रिझर्वेशन आहे म्हणे

फ्लॅट बुक करताना सेल्सवाला हमखास सांगतो, "सर, समोर डीपीत शाळेचं रिझर्वेशन आहे" (डीपी म्हणजे पालिकेचा विकास आराखडा) आणि आपण लगेच खूश, मुलं चालत शाळेत जातील वगैरे. पुण्याच्या कडेच्या कुठल्याही नव्या भागात जा, हे वाक्य ऐकलेलं कोणीतरी भेटेलच. आमच्या समोरच्या प्लॉटवर अजून बाभळी आणि एक भंगाराची शेड आहे, आणि सकाळी सातला सगळी पोरं बसमध्ये बसून हायवेपलीकडे जातात.

रिझर्वेशन म्हणजे जागा घेतली असं नसतंच मुळी. १९६६ च्या एमआरटीपी कायद्याखाली (राज्याचा नगररचना कायदा) पालिका विकास आराखडा करते, त्यात शाळा, मैदान, दवाखाना अशा जागा राखून ठेवते, पण सात-बारावर नाव मूळ मालकाचंच राहतं. ती जागा ताब्यात यायची तर एकतर रोख मोबदला द्या, नाहीतर मालकाला पैशांऐवजी टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (जागेवर जादा बांधकामाची मुभा) घ्यायला राजी करा, नाहीतर त्यालाच बांधू द्या आणि ठरलेला भाग पालिकेकडे घ्या. रोख म्हणाल तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याने शहरातसुद्धा बाजारभावावर १०० टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते, म्हणजे सरळ दुप्पट. पालिकेकडे असतील तेवढे पैसे रस्ते आणि उड्डाणपुलांना जातात, शाळेच्या जागेसाठी कुठला नगरसेवक अडून बसलाय असं मी तरी ऐकलं नाही.

आणि इथेच खरी गोम आहे, त्याच एमआरटीपी कायद्याचं कलम १२७. आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली आणि पालिकेने जागा घेतली नाही तर मालक पर्चेस नोटीस, म्हणजे जागा घ्या नाहीतर सोडा अशी नोटीस, देऊ शकतो, मग पालिकेला २४ महिने (पूर्वी सहाच महिने होते), तेवढ्यात जागा घेतली नाही किंवा घेण्यासाठी पाऊलही उचललं नाही की आरक्षण आपोआप सुटतं आणि शेजारच्या जमिनीवर जे चालतं ते तिथेही चालतं, बहुतेक वेळा टॉवर. पालिका म्हणायची, आम्ही ठराव केला, प्रस्ताव पुढे पाठवला, झालं की पाऊल. सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या केसमध्ये सांगितलं की असले कागद हलवणं पुरत नाही, भूसंपादन खरोखर सुरू झालेलं पाहिजे. मालकाच्या बाजूने बघितलं तर बरोबरच आहे हो, कुणाची जमीन वर्षानुवर्षं अडकवून ठेवायची आणि पैसेही द्यायचे नाहीत हा कुठला न्याय. पण शाळा जाते ती जातेच.

पुण्याच्या जुन्या हद्दीचा सुधारित डीपी सरकारने जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. म्हणजे ढोबळमानाने २०२७ पासून त्यातल्या नव्या आरक्षणांवर नोटिसा देता येतील. कुणी यादी काढून बसलंय का की शाळेच्या जागा किती ताब्यात आल्या आणि किती नाही?

मग शाळा येते कुठे, तर जिथे संस्थेला मोठी जमीन परवडते तिथे. २०२० च्या युनिफाइड नियमावलीत (राज्याचे बांधकामाचे एकत्रित नियम) निवासी झोनमध्ये शाळा चालते, काही अटींवर शेती झोनमध्येही चालते, त्यामुळे कॅम्पस उभा राहतो गावाच्या टोकाला, रस्ता जेमतेम, आणि सकाळी बसेस, रिक्षा, पालकांच्या गाड्या सगळं एकात एक अडकलेलं. अंतर म्हणजे किरकोळ गोष्ट नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम काढला की १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला आरटीईचे (शिक्षण हक्क कायद्याखालचे, गरीब मुलांसाठीचे) २५ टक्के प्रवेश द्यायची गरज नाही, हायकोर्टाने तो त्याच जुलैमध्ये रद्द केला. तो टिकला असता तर कुठली शाळा कुठल्या शाळेच्या किती जवळ आहे ह्यावर गरिबाच्या पोराचा प्रवेश ठरला असता.

डीपीवर हरकती मागवतात तेव्हा लोक हजारोंनी लिहितात, पण माझ्या घरावरून रस्ता का, माझ्या प्लॉटवर बाग का, एवढंच. समोरची शाळा राहू द्या, बजेटमध्ये तिच्यासाठी पैसे धरा, असं लिहायला जातंय कोण.

मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की नगररचना खात्याकडे माहिती अधिकारात विचारूया, ह्या सर्व्हे नंबरवर पर्चेस नोटीस आलीय का आणि कोणत्या तारखेला. दोन अंगठे आले आणि मग परत व्हिजिटर पार्किंग सुरू, त्यावर मात्र रात्री साडेबारापर्यंत मेसेज. अर्ज मी टाकतोय, सह्या असल्या तर बरं, नसल्या तरी चालतंय. नोटीस गेली असेल तर २४ महिन्यांतले किती उरलेत ते आधी कळू दे, मग पार्किंगचं भांडू सावकाश.