मसाल्याच्या पाकिटावर नाव कोणतं घालायचं?

घरून मसाले, चटण्या, लोणची विकायला सुरुवात करताना नावांची पहिली यादी बहुतेक सगळ्यांची सारखीच निघते. अन्नपूर्णा, स्वाद, रुचिरा, आईची चव, घरगुती मसाले. नावं कानाला गोड आहेत, अर्थ पटकन कळतो, आणि नेमकी तिथेच अडचण आहे. माल काय आहे किंवा कसा आहे हे ज्या शब्दातून थेट कळतं, त्या शब्दावर हक्क मिळवणं सगळ्यात अवघड असतं. एवढं सुरुवातीलाच मनाशी पक्कं केलं, तर निम्मी यादी कात्री न लावता गळते.

ट्रेडमार्क म्हणजे माल ओळखायचं नाव किंवा चिन्ह. त्याविषयीच्या 1999 च्या कायद्याचं कलम 9 हेच सांगतं. मालाचा प्रकार, गुण, प्रमाण किंवा गाव सांगणारा शब्द सहसा नोंदवून मिळत नाही. 'कोल्हापुरी मसाले' हे नाव एकाला दिलं, तर बाकीच्यांनी आपल्या कोल्हापुरी मसाल्याला काय म्हणायचं? वर्षानुवर्षं वापरून एखादा साधा शब्दही स्वतःचा करता येतो, पण नव्या माणसाच्या हाती ती वर्षं नसतात. देवाधर्माच्या नावांचंही तसंच आहे. अगरबत्तीसाठी 'रामायण' हे नाव एकट्याला नोंदवून द्यायला सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये नकार दिला. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव धंद्यासाठी वापरण्यावर तर 1950 च्या बोधचिन्ह व नावे कायद्याचं बंधन आहे.

'घरगुती', 'अस्सल', 'शुद्ध', 'पारंपरिक' हे शब्द खाण्याच्या मालावर आणखी एका कारणाने जड जातात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे जाहिरात आणि दाव्यांविषयीचे 2018 चे नियम आहेत. नॅचरल, प्युअर, ओरिजिनल, ट्रॅडिशनल अशा अर्थाचा शब्द ब्रँडच्या नावात असला आणि त्याने गिऱ्हाइकाची दिशाभूल होऊ शकत असली, तर 'हे फक्त ब्रँडचं नाव आहे, मालाचं खरं स्वरूप नाही' अशी ओळ किमान 3 मिलिमीटरच्या अक्षरांत लेबलवर छापावी लागते. 'होम मेड'सारखे शब्द तर टाळायलाच सांगितलं आहे. स्वतःच्या नावाखाली स्वतःच असा खुलासा छापायची वेळ आणू नये.

मग शब्द शोधायचा कुठे? मालाच्या शेजारी. स्वयंपाकघरात अशी पुष्कळ नावं पडून आहेत जी मसाल्याची आठवण करून देतात, पण मसाला म्हणजे ती नव्हेत. भांडी, मापं, हाताच्या हालचाली: उखळ, रोवळी, ओंजळ, चिमूट. असे 30-40 शब्द वहीत लिहा. दोन दिवस पाहूच नका, मग एकेक तपासायला घ्या.

पहिली चाचणी फोनवर. गोंगाटाच्या जागी उभ्या असलेल्या माणसाला फोन करून नाव एकदाच सांगा आणि लिहून पाठवायला सांगा, मराठीत आणि इंग्रजी अक्षरांतही. 'ओंजळ' घ्या. मराठी माणूस बरोबर लिहील, पण रोमन लिपीत 'ळ' नाही, त्यामुळे शेवटी एल येणार आणि वाचणारा 'ओंजल' म्हणणार. सुरुवातीच्या अनुस्वारासाठी कुणी एन लिहील, कुणी एम. म्हणजे इन्स्टाग्रामवर शोधणाऱ्यांतले काही जण दुसरीकडेच पोचणार. 'चिमूट' त्या मानाने सोपं. घोळ फक्त 'मू'चा आहे, एक यू की दोन ओ. दोन्ही स्पेलिंगची खाती उघडून ठेवली की काम झालं. ज्ञ, ळ, ण, क्ष असलेल्या नावांची ही परीक्षा जास्त कडक घ्या. 'ज्ञ'चं स्पेलिंग मराठी माणूस डी-एन-वाय करतो आणि हिंदी माणूस जी-वाय. गिऱ्हाईक फक्त आपल्या गावातलं असेल तर मात्र 'ळ'ला घाबरायचं काही कारण नाही, आणि मला तर 'ळ' असलेली नावं मनापासून आवडतात.

दुसरी चाचणी कागदावर. 50 ग्रॅमच्या पाकिटावर नावाला जागा मिळते ती बोटभर. देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार आणि मधे जोडाक्षर आलं की अक्षर बारीक करावं लागतं. 'स्मृतिगंध' त्या मापात छापून हातभर अंतरावरून वाचून पाहा, शाईचा नुसता ठिपका दिसतो. दोन-तीन अक्षरी, कमी जोडाक्षरांचं नाव इथे सहज तरून जातं.

यादीत तीन नावं उरली की ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर फुकट शोध घेता येतो. नोंदणीसाठी माल आणि सेवा क्रमांकाच्या वर्गांत वाटलेल्या आहेत: मसाले, पीठं, चहा वर्ग 30 मध्ये येतात, लोणची वर्ग 29 मध्ये, दुकानदारी 35 मध्ये आणि खानावळ 43 मध्ये. या चारही वर्गांत पाहा. नुसतं हुबेहूब नाव शोधून थांबू नका; तो शब्द पोटात असलेली नावं दाखवणारा 'कंटेन्स' आणि उच्चारावरून शोधणारा 'फोनेटिक' असे दोन्ही पर्याय सगळी स्पेलिंगं घालून वापरा. बहुतेक लोक चुकतात ते इथे. आपलं नाव वेगळं आहे असं वाटतं, कारण अर्थ वेगळा असतो. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये हीच समजूत खोडली. साधं गिऱ्हाईक नावाची फोड करून अर्थ लावत बसत नाही, अर्धवट आठवणीवर माल उचलतं, म्हणून ही दोन नावं फसण्याइतकी सारखी आहेत असं न्यायालयाने म्हटलं. तेव्हा 'चिमूट' आधीच कुणाचं असेल तर 'चिमटी' घेऊन सुटका होईल असं समजू नका.

नोंद नसली तरी आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क कायदा मानतो. म्हणून गूगल मॅप्स, इन्स्टाग्राम, घाऊक बाजारातली पाकिटं आणि बचतगटांची प्रदर्शनं हेही पाहून घ्या.

एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी वर्गामागे 4,500 रुपये आहे, इतरांना 9,000. मसाला आणि लोणचं दोन्ही विकत असाल तर वर्ग दोन, फीही दोनदा. मराठी शब्दाचा अर्थ अर्जात द्यावा लागतो. रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये नाव छापून आल्यावर इतरांना हरकतीसाठी 4 महिने असतात. नोंद 10 वर्षं टिकते, मग नूतनीकरण. अर्ज केल्यावर नावापुढे टीएम लिहायला हरकत नाही, पण गोलातला आर नोंद होईपर्यंत लावायचा नाही. पैसे एकाच अर्जापुरते असतील तर लोगोपेक्षा नुसता शब्द नोंदवा. उद्या अक्षरांचं वळण बदललं तरी हक्क राहतो. 'घरगुती मसाले' असा शब्द सजवून लोगो नोंदवून घेणाऱ्यांना वाटतं की शब्द आपला झाला. होत नाही, फक्त ती सजावट आपली होते.

कंपनीचं नाव मंजूर झालं, लघुउद्योगाची सरकारी 'उद्यम' नोंदणी झाली, डोमेन मिळालं, यातल्या कशानेही ट्रेडमार्क मिळत नाही. मात्र शॉप अ‍ॅक्ट, उद्यम, अन्न परवाना, बँकेचं चालू खातं या सगळ्यांत नावाचं स्पेलिंग अक्षरन्‌अक्षर एकच ठेवा, नाहीतर खातं उघडतानाच अडतं. दुकान थाटणार असाल तर पाटीवर मराठी देवनागरी नाव लागतं, आणि ते इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाही.

नाव सापडेपर्यंत विक्री थांबवू नका. लिज्जत पापड 1959 मध्ये गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केला, आणि 'लिज्जत' हे नाव आलं 1962 मध्ये, 5 रुपये बक्षिसाच्या स्पर्धेतून. फक्त तोवर छापील पाऊच करू नका. त्यात रंगागणिक छपाईचा सिलिंडर कोरावा लागतो आणि नाव बदललं की तो भंगारात जातो. पहिल्या 200 पाकिटांना साधा पाऊच आणि वर स्टिकर पुरे. नाव ठरलं की त्या नावाचं पहिलं बिल, पहिल्या स्टिकरची छपाईची पावती आणि पाकिटाचा तारखेसह फोटो जपून ठेवा. वापर कधीपासून आहे हे अर्जात लिहिलं, तर प्रतिज्ञापत्रासोबत हेच पुरावे जोडायचे असतात.