तुम्ही विचारलंत म्हणून: मराठी शाळेनं माझं नुकसान केलं का?

मला दोन प्रश्न सतत येतात. गावी गेले की लेकुरवाळ्या बाया ओट्यावर बसून विचारतात, "ताई, पोराले कॉन्व्हेंटात टाकू का? तुमाले त मराठी शाळेनं लय तरास झाला म्हणते." आणि दारव्हा, दिग्रस, पुसदकडची पदवीची मुलं फोनवर विचारतात, "कॅटच्या इंग्रजीसाठी पुस्तक कोणतं?" आईबापांना मी सांगायची, शाळा कोणतीही असो, मेहनत पाहिजे. मुलांना पुस्तकाचं नाव सांगून फोन ठेवायची. दोन्ही उत्तरं मी सुटका करून घ्यायला दिली. आज सुटका करून घेत नाही.

कॅट म्हणजे आयआयएमसारख्या व्यवस्थापन संस्थांत एमबीएला प्रवेश मिळवायची परीक्षा. मी ती तीनदा दिली: २०१९, २०२० आणि २०२१ मध्ये. पहिल्या वेळी पेपर तीन तासांचा होता. इंग्रजीच्या विभागाला एक तास, प्रश्न ३४, त्यातले २४ उताऱ्यांवरचे. मी चौतीसच्या चौतीस सोडवले. बरोबर उत्तराला ३ गुण आणि पर्यायी प्रश्न चुकला तर १ वजा, हे माहीत असूनही सोडवले, कारण कोरं काही सोडायचं नाही ही शाळेपासूनची सवय. जानेवारीत निकाल लागला. गणितात ८८ पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातले ८८ जण माझ्या मागे; इंग्रजीत ४१. शाळेत इंग्रजीत कायम पहिली आलेली मी.

त्या ऑक्टोबरात परतीच्या पावसानं आमचं सोयाबीन वावरातच काळं पडलं होतं, पऱ्हाटीची खालची बोंडं सडली होती. तरी बाबांनी त्याआधीच फॉर्मचे १९०० रुपये भरले होते. नागपूरला जाण्यायेण्याचं भाडं वेगळं, आणि वेचणीच्या दिवसांत घरातले दोन माणसं दोन दिवस बाहेर. ४१ हा आकडा मला एकटीला पेलेना. तो कुणाच्या तरी डोक्यावर ठेवायचा होता. मी तो शाळेच्या डोक्यावर ठेवला.

"आम्हाला इंग्रजी मराठीतूनच शिकवलं," असं मी सांगत सुटले. त्यात खोटं काही नव्हतं. आमचे इंग्रजीचे सर एक वाक्य वाचत, लगेच त्याचं मराठी सांगत, आणि आम्ही पेन्सिलीनं शब्दाच्या डोक्यावर अर्थ लिहीत जायचो. धडा संपेपर्यंत इंग्रजी ओळींच्या वर मराठी ओळींची दुसरी रांग तयार व्हायची. परीक्षेआधी आम्ही वरचीच रांग वाचायचो.

२६ जानेवारी २०२० ला झेंडावंदनानंतर मुख्याध्यापकांनी मला पोरांसमोर दोन शब्द बोलायला उभं केलं. शहरातल्या मोठ्या परीक्षेला बसलेली गावातली मुलगी म्हणून. मी बोलले. म्हणाले, या शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवलंच गेलं नाही, नुसतं भाषांतर पाठ करून घेतलं, त्याची शिक्षा मी आज भोगते आहे. तुमच्या आईबापांनी वेळीच विचार करावा. टाळ्या वाजल्या. सरपंचांनी मान डोलावली. आणि कडुनिंबाखाली, पाहुण्यांच्या खुर्च्यांच्या रांगेत, शेवटच्या खुर्चीवर सर बसले होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण झेंडावंदन त्यांनी कधी चुकवलं नाही.

नंतर मी सगळ्यांना सांगितलं की सर तिथं आहेत हे मला माहीत नव्हतं. माहीत होतं. पहिल्याच वाक्याला ते मला दिसले होते, आणि मी थांबले नाही. उलट त्यांच्याकडे बघून आवाज जरा चढलाच.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते घरी आले. माय अजून वावरातून आली नव्हती. सायकल ओट्याला टेकवून बसले, चहा नको म्हणाले. मला वाटलं रागावतील. त्याची मी मनात उत्तरंही तयार ठेवली होती. ते म्हणाले, "तो पेपर कसा असते, दाखव मले."

मोबाइलवर एक सराव परीक्षा होती, त्यातला एक उतारा मी उघडून दिला. पैसा कसा जन्माला आला यावरचा. पुस्तकं सांगतात की आधी वस्तूच्या बदल्यात वस्तू होती, मग त्यातून नाणं आलं. पण अभ्यासकांना निव्वळ अशा अदलाबदलीवर जगणारं गाव 'हार्डली' सापडलं आहे, असं त्यात होतं. त्या उताऱ्याच्या पाच प्रश्नांपैकी माझा एक बरोबर आला होता.

सरांनी चष्मा पुसला आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागले. ओठ हलत होते. हार्डलीपाशी थांबले. "म्हंजे?" मी म्हटलं, "हार्ड म्हणजे कठीण. मेहनतीनं शोधलं." ते पुढं वाचत गेले, परत मागं आले. म्हणाले, "नाही जमत बाई. मेहनतीनं सापडलं असंन त मंग पुढच्या ओळीत तो उधारीचं काहून बोलून रायला?" पुढच्या ओळीत होतं की लोक एकमेकांचं देणं लक्षात ठेवत. मला ती ओळ वाचल्याचं आठवतही नव्हतं. आम्ही शब्दकोश उघडला. हार्डली म्हणजे क्वचितच, जवळजवळ नाहीच.

मग सरांचा चेहरा उजळला. "आता समजलं. आपल्या सुताराले आपून कुठं वखराच्या बदल्यात त्याच दिवशी जवारी देत होतो? खळ्यावर देत होतो, वर्साची. मधात सारी उधारीच. तेच म्हणते हा माणूस." उताऱ्याचा गाभा तोच होता. लेखकाचं म्हणणं काय, या प्रश्नाचं त्यांचं उत्तर बरोबर आलं. दुसरंही एक आलं. उरलेले तीन चुकले, त्यातले दोन तर प्रश्नाचं इंग्रजीच न कळल्यामुळे. घड्याळ पाहिलं तर पाऊण तास गेला होता.

"याले वेळ किती असते?"

"दहा-बारा मिनिटं, सर."

ते काही बोलले नाहीत. खिशातून छोटी डायरी काढली आणि तिच्यात हार्डली हा शब्द लिहून पुढं मराठी अर्थ लिहिला. माझ्याकडून ऐकून. सात वर्षं ज्यांनी मला शब्द दिले, ते माझ्या ओट्यावर बसून माझ्याकडून शब्द लिहून घेत होते. मला ते पाहवलं नाही, मी आत जाऊन उगाच पाण्याचा तांब्या घेऊन आले.

जाताना म्हणाले, "२००० सालापासून सरकारनं पयलीपासून इंग्रजी सुरू केलं. आमी डी. एड. झालेले मराठीतून. थोडकं ट्रेनिंग देलं आन पुस्तक हातात देलं. मले भेव वाटे. पुस्तकाच्या बाहीर गेलो असतो त पोरायनं काही विचारलं असतं. म्हणून मी पानातच राह्यलो." सायकलवर बसले आणि गेले. मी माफी मागितली नाही.

का नाही मागितली, हे स्वतःला मी पुष्कळदा विचारलं आहे. कारण मी बोलले ते खरं होतं, असं एक मन म्हणतं. ज्या पोरीला सात वर्षं पानाबाहेर नेलं नाही तिनं तेही सांगायचं नाही का? दुसरं मन म्हणतं, त्या उताऱ्यात अडलीस ती इंग्रजीपायी की वाचण्यापायी? हार्डलीचा अर्थ सरांनाही येत नव्हता. पण अर्थ पुढच्या ओळीशी बसत नाही, हे त्यांना दिसलं. मला दिसलं नाही, कारण मी ओळी एकमेकींना जोडून वाचतच नव्हते.

त्या रात्री मी वर्तमानपत्रातला मराठी अग्रलेख घेतला, एकदा वाचला, पेपर उलटा ठेवला आणि वहीत लिहायला बसले की लेखकाचं म्हणणं काय आहे. दोन ओळींपुढे जाता आलं नाही. मराठीत, ज्या भाषेवर मी अपयशाचं खापर फोडलं होतं तिच्यात. घरात आम्ही वऱ्हाडी बोलतो, पुस्तकातली मराठी हीसुद्धा आमच्यासाठी शाळेतच भेटलेली भाषा. आणि शाळेत आम्ही ती गाइडातून वाचली. लांबलचक काही शेवटपर्यंत वाचून, लेखक कुठं वळला ते धरून ठेवण्याची सवय मला कुठल्याच भाषेत नव्हती.

मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि क्लास लावायचा प्रश्नच मिटला. तयारी गावातच झाली. मुलांनो, पुस्तक विचारता ना, तर ऐका. मराठी विश्वकोश मोबाइलवर फुकट वाचता येतो. लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली १९७६ पासून त्याचे खंड निघाले. त्यातली नाण्यांवरची, भूकंपावरची, मानवशास्त्रावरची नोंद आधी वाचायची. मग त्याच विषयावरचा इंग्रजी लेख. विषय ओळखीचा असला की अनोळखी शब्द निम्मे बिचकवतात. प्रत्येक परिच्छेदानंतर वहीत एक ओळ मराठीत: हा माणूस काय म्हणून राहिला? रोज दोन लेख. गच्चीवर रेंज यायची, तिथं. बाबा रात्रपाळीच्या विजेवर हरभऱ्याला ओलित करायला जात, तोवर मी जागी असे.

शब्दांची यादी मी पाठ केली नाही. मला अनोळखी शब्दांनी फारसं पाडलं नव्हतं, ओळखीच्यांनी पाडलं होतं. सँक्शन म्हणजे पीककर्ज मंजूर होणं, हे आमच्या घरातल्या लहान पोरालाही माहीत. उताऱ्यात एका देशानं दुसऱ्यावर सँक्शन लावले की ती मंजुरी नसते, शिक्षा असते. डिस्काउंट कापडाच्या दुकानावर पाहिलेला. उताऱ्यात एखाद्यानं पुरावा डिस्काउंट केला म्हणजे तो जमेला धरला नाही. असे शब्द वहीत वेगळे ठेवा, आणि सोबत ते ज्या वाक्यात भेटले ते वाक्य ठेवा.

हे सगळं लिहून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी करत होते ते सरांचंच काम होतं. इंग्रजी वाचायचं आणि मराठीत सांगायचं. ते एकेका वाक्याचं सांगायचे, मी अख्ख्या परिच्छेदाचं लिहायची. म्हणजे मी ज्याला दोष दिला त्यानंच मला तारलं का? तेवढं सरळ म्हणायला मी तयार नाही. वाक्यागणिक मराठी करायची सवय सुटायला मला दीड वर्ष लागलं, आणि ते दीड वर्ष कुणी परत दिलं नाही.

२०२० ला पेपर दोन तासांचा झाला, इंग्रजीला ४० मिनिटं. मला ६७ पर्सेंटाइल आले. २०२१ ला २४ प्रश्न होते, चार उतारे. मी तीनच वाचले, चौथ्याला हात लावला नाही, आणि ९२ आले. कोरं सोडायला शिकले, हे त्या वर्षाचं शिक्षण. पुढं प्रवेश झाला, एमबीए झालं, आता नागपुरात नोकरी करते.

पण माझं उदाहरण देऊन कुणी म्हणत असेल की बघा, भाषेचा अडसर नसतोच, तर मला राग येतो. वैद्यकीयची नीट मराठीत देता येते. २०२१ पासून अभियांत्रिकीची जेईई मेनसुद्धा मराठीत देता येते. नागपुरात २०१५ पासून आयआयएम आहे, आमच्या गावाहून एका दिवसात जाऊन येता येतं. तिच्या दारातली परीक्षा मात्र फक्त इंग्रजीत. गणिताचा आणि तर्काचा प्रश्नही इंग्रजीत. कापूस विकताना मनातल्या मनात वजनातली घट-तूट धरून हिशेब करणारी पोरगी तिथं प्रश्न वाचण्यातच मिनिट घालवते. पुढचं शिक्षण इंग्रजीत आहे म्हणून परीक्षा इंग्रजीत, हे उत्तर मला माहीत आहे, आणि वर्गात बसल्यावर ते अर्धं पटलंही. पहिलं सत्र मी वर्गात तोंड उघडलं नाही. उतारे सोडवून बोलता येत नाही, ते मला वेगळं शिकावं लागलं.

कॉन्व्हेंटवाली मुलंही माझ्यासोबत होती, तालुक्याच्या शाळांमधली. उताऱ्यांत तीही माझ्यासारखीच अडत. पण वाचायचा वेग त्यांचा जास्त होता आणि बोलायची भीती कमी होती. आईबापांनो, हे मी तुमच्यापासून कशाला लपवू? सकाळी सातला गावात कॉन्व्हेंटची व्हॅन येते आणि आमच्या शाळेचा पट दरवर्षी घटतो. २६ जानेवारीचं माझं भाषण त्या घटीत किती धरायचं, हे मी मोजू शकत नाही.

गेल्या उन्हाळ्यात सरांनी मला घरी बोलावलं. नातू पहिली मराठी शाळेतून झाला होता. म्हणाले, "दुसरीपासून व्हॅनमधी बसवाचं म्हणते सून. तू काय म्हणतं?" इतकी वर्षं सगळ्यांनी विचारलेला प्रश्न, आणि त्यांना द्यायला माझ्याजवळ दोन शब्द नव्हते. मी पोराला जवळ बोलावलं आणि त्याच्या पुस्तकातली गोष्ट वाचायला सांगितली. त्यानं खणखणीत वाचली, कुठं अडला नाही. मग मी विचारलं, "काय म्हणून रायले रे याच्यात?"

तो आजोबांकडे पाहू लागला. सर माझ्याकडे पाहत होते.