शिआनचा हंस-पॅगोडा आणि आपली त्रिरश्मी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत स्विचगिअरच्या व्यवसायात बावीस वर्षे काढल्यानंतर गेल्या ऑक्टोबरमध्ये कामानिमित्त चीनमधील शिआन शहरी जाण्याचा योग आला. उच्च दाबाच्या विद्युत उपकरणांसाठी हे शहर आमच्या धंद्यात ओळखले जाते. काम तीन दिवसांत आटोपले आणि चौथा दिवस मी निघण्यापूर्वीच ‘दा यान था’साठी, म्हणजे मोठ्या रानहंसाच्या पॅगोड्यासाठी राखून ठेवला होता. शिआनला जाणारे बहुतेक लोक मातीच्या सैनिकांची फौज पाहून येतात आणि ती पाहण्यासारखीच आहे. परंतु मला ओढ होती ती या पॅगोड्याची, कारण तो ज्या भिक्षूमुळे उभा राहिला त्याने आपला महाराष्ट्र पाहिला होता आणि त्याविषयी लिहूनही ठेवले होते.

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात आपण त्याला ह्युएन त्संग किंवा युआन श्वांग म्हणून ओळखतो. चिनी लोक ज्या तऱ्हेने ते नाव उच्चारतात ते माझ्या कानांना ‘श्वेनचांग’ असे ऐकू आले, म्हणून येथे तसेच लिहितो. इ. स. 629 च्या सुमारास, सरहद्द ओलांडण्याची परवानगी नसतानाही, तो छांगआनहून (शिआनचे हे जुने नाव) निघाला. वाळवंट आणि बर्फाच्छादित डोंगर ओलांडून तो भारतात पोहोचला, नालंदा येथे आचार्य शीलभद्रांच्या पायाशी बसून शिकला, आणि 645 मध्ये परतला तेव्हा त्याच्यासोबत 657 ग्रंथ होते. ते 520 पेट्यांमध्ये बांधून वीस घोड्यांवर लादून आणले होते, असे त्याच्या चरित्रात नोंदलेले आहे. सिंधू नदी ओलांडताना नाव हेलकावली आणि सुमारे पन्नास हस्तलिखिते व भारतातील फुलांचे बियाणे पाण्यात गेले. ग्रंथांबद्दलची हळहळ कोणालाही समजेल. मला मात्र त्या बियाण्याने अधिक चटका लावला. कोणती फुले त्याला आपल्या देशात फुललेली पाहायची होती, हा विचार त्या दिवशी माझ्या मनातून जाईना.

मेट्रोचे ‘दायानथा’ नावाचे स्थानकच आहे. तेथून बाहेर पडून दक्षिणेकडील चौकात आले की हातात दंड घेतलेला श्वेनचांगाचा उंच पुतळा दिसतो आणि त्याच्या पाठीमागे पिवळसर मातकट रंगाचा चौकोनी पॅगोडा. वळणदार कौलांचे एकावर एक चढवलेले छप्पर अशी पॅगोड्याची जी प्रतिमा आपल्या मनात असते, तिच्याशी याचा फारसा संबंध नाही. सात मजले, सुमारे 64 मीटर उंची, वर वर निमुळता होत जाणारा साधा विटांचा देह आणि विटांमध्येच उठवलेले खांबांचे आकार. नक्षीचा सोस कुठेही नाही. पहिल्या नजरेत तो मला देवळापेक्षा एखाद्या भक्कम कोठारासारखा वाटला, आणि पुढे लक्षात आले की तो मुळात कोठारच होता. भारतातून आणलेले ग्रंथ आगीपासून आणि काळापासून सुरक्षित राहावेत म्हणून 652 मध्ये श्वेनचांगाच्या विनंतीवरून त्याचे बांधकाम सुरू झाले. त्याला दगडी मनोरा हवा होता; खर्च आणि वेळ यांचा विचार करून सम्राटाने विटांचा मंजूर केला. पन्नाशीला आलेला हा पंडित स्वतः टोपल्यांतून विटा वाहत होता, असे त्याच्या शिष्यांनी लिहिले आहे.

तो पहिला पॅगोडा पाच मजल्यांचा होता. आत माती आणि बाहेर विटांचे आवरण अशी त्याची रचना होती, त्यामुळे तो फार टिकला नाही. सम्राज्ञी वू झत्येनच्या काळात, 701 ते 704 या वर्षांत, तो नव्याने बांधला गेला. पुढे 1556 च्या भीषण भूकंपाने त्याची मोठी हानी केली आणि मिंग काळात त्याला विटांचे जाड आवरण चढवण्यात आले. आज आपण पाहतो ते मुख्यतः हेच बाह्यरूप. तो किंचित कललेलाही आहे. शहराने जमिनीखालचे पाणी वर्षानुवर्षे उपसल्यामुळे हा कल वाढला होता, आणि उपसा आवरल्यावर तो हळूहळू कमी होऊ लागला. गोदाकाठी विंधनविहिरी खोल खोल नेणाऱ्या आमच्यासारख्यांनी ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी असे मला मनापासून वाटते.

पॅगोड्याला रानहंसाचे नाव कसे पडले याची जी हकीकत सांगितली जाते, ती मगधातील आहे आणि श्वेनचांगाने स्वतःच ती नोंदवली आहे. तेथील एका विहारातील भिक्षू तेव्हा मांस वर्ज्य मानत नसत. एके दिवशी भिक्षेत काहीच मिळाले नाही, तेव्हा आकाशातून जाणाऱ्या हंसांच्या थव्याकडे पाहून एक भिक्षू थट्टेने म्हणाला की, आज संघ उपाशी आहे, हे बोधिसत्त्वाने जाणावे. तत्क्षणी थव्यातील अग्रभागीचा हंस मागे वळला आणि भिक्षूंसमोर कोसळून गतप्राण झाला. ओशाळलेल्या भिक्षूंनी मांसाहार सोडला, हंसाला तेथेच पुरले आणि त्यावर स्तूप उभारला. मगधातील तो स्तूप आता कोठे आहे कोण जाणे. त्याचे नाव मात्र हजारो मैलांवर एका गजबजलेल्या शहराच्या मेट्रो स्थानकावर लिहिलेले आहे.

पॅगोडा ज्या मंदिराच्या आवारात आहे, त्याचे तिकीट वेगळे होते आणि पॅगोड्यावर चढण्याचे वेगळे. मी सकाळी लवकर पोहोचलो होतो, पाऊस भुरभुरत होता आणि अंगणातील गर्दी तुरळक होती. प्रवेश करताच दोन बाजूंना घंटेचा आणि नगाऱ्याचा मंडप, समोर मुख्य दालन, त्याच्यापुढे धूप जाळण्याचे मोठे लोखंडी पात्र. एक वृद्ध बाई तीन उदबत्त्या दोन्ही हातांनी कपाळापर्यंत उंचावून चारही दिशांना वळून नमस्कार करीत होत्या. ओलसर हवेत धूर वर न जाता जमिनीलगत पसरत होता आणि त्या बाईंच्या कापडी बुटांभोवती रेंगाळत होता. दालनात बुद्धाच्या तीन रूपांतील मूर्ती आहेत, सोबत काश्यप आणि आनंद हे शिष्य आहेत, आणि दोन्ही भिंतींलगत अठरा अर्हत. काश्यप आणि आनंद ही नावे मी मनातल्या मनात उच्चारली आणि त्या परक्या शहरात एकदम कोणी ओळखीचे भेटावे तसे झाले.

पॅगोड्याच्या दक्षिणेकडील दाराच्या दोन्ही बाजूंना कोनाड्यांत दोन शिलालेख आहेत. श्वेनचांगाच्या भाषांतरांसाठी सम्राट थायत्सुंगने लिहिलेली प्रस्तावना एकावर आहे, आणि तेव्हा युवराज असलेल्या त्याच्या मुलाने, म्हणजे पुढच्या गाओत्सुंगने लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर आहे. चू स्वेइल्यांग या नामवंत सुलेखनकाराच्या हस्ताक्षरावरून 653 मध्ये ते कोरले गेले. एका शिळेवरील ओळी उजवीकडून डावीकडे जातात आणि दुसरीवरील डावीकडून उजवीकडे, म्हणजे दाराच्या दोन बाजूंनी दोन्ही लेख समोरासमोर तोंड करून उभे राहतात. मला एकही अक्षर वाचता येत नव्हते, तरीही मी तेथे बराच वेळ थांबलो. छिन्नीने कोरलेली ती रेघ कोठे केसासारखी बारीक होते आणि कोठे ठाम टेकते, हे पाहताना दगड हा दगड वाटत नाही, शाई नुकतीच वाळलेला कागद वाटतो.

आतील लाकडी जिना चौकोनात वळत वर जातो. प्रत्येक मजल्यावर चारही दिशांना कमानीच्या खिडक्या आहेत. थांग काळात राजपरीक्षेत उत्तीर्ण झालेले विद्वान येथे येऊन आपली नावे लिहून ठेवीत, आणि तो त्यांच्या आयुष्यातील मोठा मान समजला जाई. सातव्या मजल्यावरून सरळ आखलेले रस्ते दिसतात, खाली कारंज्यांचा चौक दिसतो, आणि पावसाने धुऊन निघालेली कौले. याहून अधिक वर्णन करण्यासारखे त्या दिवशी धुक्यामुळे काही दिसले नाही.

खरी गोष्ट खाली उतरल्यावर, अंगणातील माहितीफलकापुढे कळली. या मंदिराचे नाव ‘दा त्सअन’, म्हणजे मातेच्या कृपेचे, वात्सल्याच्या ऋणाचे मोठे मंदिर. 648 मध्ये शिलालेखातील त्याच युवराजाने आपल्या दिवंगत आईच्या, सम्राज्ञी झांगसुनच्या, स्मरणार्थ ते उभारले. पॅगोड्याचा खर्चही राजवाड्यातील निवर्तलेल्या स्त्रियांच्या वस्त्रालंकारांच्या द्रव्यातून भागवला गेला, असे चरित्रात आहे. ते वाचले आणि मला थेट आपली नाशिकची पांडवलेणी आठवली.

ही लेणी ज्या त्रिरश्मी डोंगरावर आहेत, तेथील तिसऱ्या क्रमांकाचे लेणे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ओवरीच्या मागील भिंतीवर, दाराच्या वरच्या अंगाला ब्राह्मी लिपीतील दीर्घ लेख आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात गौतमी बलश्रीने हे लेणे भदायनीय या बौद्ध पंथाच्या भिक्षुसंघाला दिले, आणि त्या दानलेखात आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याची थोरवी नोंदवून ठेवली. तेथे मुलाने आईसाठी मंदिर बांधले आणि येथे आईने मुलाची कीर्ती डोंगरावर कोरून घेतली. दोन्ही ठिकाणी राजघराण्याचे हे दुःख आणि अभिमान शेवटी भिक्षूंच्या निवाऱ्यासाठी आणि अध्ययनासाठी उपयोगी पडले. दोन्हींमध्ये पाच शतकांचे अंतर आहे. श्वेनचांग नाशिकला आला होता का, हा मोह टाकवत नाही. त्याच्या वृत्तांतात महाराष्ट्र आहे, पुलकेशी राजा आहे, उपकारकर्त्याशी कृतज्ञ आणि अपमान करणाऱ्याशी कठोर असलेली इथली माणसे आहेत, शंभरच्या आसपास विहार आणि पाच हजार भिक्षू आहेत. राजधानीच्या पश्चिमेला मोठी नदी आहे असे तो सांगतो, पण राजधानीचे नाव सांगत नाही. काही अभ्यासकांनी ती नाशिक मानली, इतरांनी बदामी किंवा अन्य स्थळे सुचवली. नाशिककर म्हणून माझे मन कोणत्या बाजूला झुकते हे सांगायला नको. परंतु त्यावर हट्ट धरण्याइतका पुरावा नाही, हेही मान्य केले पाहिजे. पूर्व सीमेवरच्या डोंगरातील, दाराशी दगडी हत्ती असलेल्या ज्या विहाराचे त्याने वर्णन केले आहे, ते मात्र अजिंठा होय, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी सकाळी मी पांडवलेणी चढलो. लहानपणी आईच मला येथे घेऊन यायची, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असायची. आता गुडघ्यांमुळे तिला पायऱ्या झेपत नाहीत. तिसऱ्या लेण्याच्या ओवरीत उभे राहून मी तिला फोन लावला आणि मोबाइलमध्ये उतरवून आणलेल्या लेखाच्या वाचनातून गौतमीपुत्राचे एक विशेषण वाचून दाखवले : ‘अविपनमातुसुसूसाक’, म्हणजे ज्याने आईच्या सेवेत कधी खंड पडू दिला नाही असा. शिआनच्या मंदिराबद्दल तिला आदल्या रात्रीच सांगितले होते.

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग तिने विचारले, “आणि त्याच्या वडिलांचं नाव रे? ते कुठे लिहिलंय?”

“या लेखात नाही, आई,” मी म्हणालो. “त्याच्या नावातच तिचं नाव आहे.”

“मग परत एकदा वाच,” ती म्हणाली, “आणि जरा सावकाश वाच.”