पाच मीटर खाली पडलेला वॉकीटॉकी

इंग्लंडमधल्या इमिंगहॅमच्या धक्क्याला लागलो तेव्हा सकाळचे सहा वाजले होते. हंबर नदीवर इतकं धुकं की क्रेनचे नुसते पाय दिसत होते. अमेरिकेतल्या सवाना बंदरातून आम्ही लाकडाच्या पेलेट भरून आणल्या होत्या. मी चीफ ऑफिसर, म्हणजे मालाची जबाबदारी माझी.

पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा वाळवून, दाबून काढलेल्या कांड्या. जाडी 6 ते 8 मिलिमीटर, लांबी बोटाच्या पेराएवढी. मूठभर हातात घेतल्या की सुताराच्या दुकानात शिरल्यासारखा वास येतो. आमच्या कॅडेटने, म्हणजे शिकाऊ अधिकाऱ्याने, सवानाला त्यातली एक पाण्याच्या ग्लासात टाकून पाहिली होती. त्याचा चहा संपेपर्यंत तिचा लगदा झाला. म्हणून पावसाचा थेंब पडला की लोडिंग थांबवायचं आणि हॅच कव्हर, म्हणजे होल्डचं (मालाच्या कोठीचं) मोठं झाकण, ओढून घ्यायचं. इमिंगहॅमहून हा माल रेल्वेने यॉर्कशरमधल्या ड्रॅक्स वीजकेंद्राकडे जातो. त्या केंद्राचे सहाही संच एके काळी कोळशावर चालायचे, त्यातले चार पुढे लाकडावर नेले.

कॅडेट साताऱ्याकडचा, वय एकोणीस, पहिलंच जहाज. बोसन, म्हणजे खलाशांचे मुकादम, दाभोळचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, त्यांना सगळं जहाज चाचा म्हणायचं. माल तपासणारा सर्व्हेअर येण्याआधी तीन नंबर होल्डच्या जिन्याचं झाकण उघडून ठेवा, एवढंच मी दोघांना सांगितलं होतं. झाकण उघडायचं, उतरायचं कुणीच नाही.

झाकण उचलताना कॅडेटच्या खांद्यावरचा वॉकीटॉकी सुटला आणि आत पडला. फार खोल नाही, पहिल्याच टप्प्याच्या लोखंडी पाट्यावर, पाचेक मीटर खाली. बॅटरीच्या उजेडात तो स्वच्छ दिसत होता. वरून हॅच कव्हरही अर्धं सरकवलेलं होतं, होल्डमध्ये वारा खेळत होता. पोराला वाटलं, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. तो शिडीवर दोन पायऱ्या उतरलासुद्धा.

मी डेकच्या दुसऱ्या टोकाला होतो. चाचांची ओरड ऐकून वळलो, तर ते गुडघ्यावर बसून पोराच्या बॉयलर सूटची कॉलर दोन्ही हातांनी धरून होते.

"वर ये आधी! श्वास घेऊ नको, वर ये!"

"चाचा, नुसता वॉकीटॉकी काढतो ना..."

"तुझी आई बाजारातून दुसरा पोरगा आणणार काय? वर ये!"

त्यांनी त्याला अक्षरशः उपसून काढलं. पोराचा चेहरा उतरला होता, पण तो ठीक होता. डोकं अजून झाकणाच्या वरच होतं.

मी गॅस मीटर आणला आणि नळी हळूहळू खाली सोडली. तोंडाशी ऑक्सिजन 20.9 टक्के, बाहेरच्या हवेइतकाच. दोन मीटरवर 16. पाट्यापाशी, जिथे तो वॉकीटॉकी पडला होता तिथे, 7. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा आकडा दहा लाख भागांत हजाराच्या पुढे गेला आणि मीटर नुसताच कोकलत राहिला. कॅडेट माझ्या खांद्यावरून बघत होता. सात टक्क्यांच्या हवेत माणूस थोड्याच वेळात कोसळतो, अनेकदा त्याला धोका कळतही नाही.

हे कशाने होतं? लाकडातली, विशेषतः पाइनमधली, स्निग्ध आम्लं हवेतल्या ऑक्सिजनशी सावकाश संयोग पावत राहतात. त्यात ऑक्सिजन संपतो आणि कार्बन मोनॉक्साइड सुटतो. दोन आठवडे कुलूपबंद होल्डमध्ये हजारो टन माल हेच करत बसलेला असतो. होल्डचं कव्हर उघडलं की वरची हवा बदलते, पण जिन्याची पोकळी शेजारी वेगळी असते. होल्डमधला वायू झिरपून तिथे साठतो, आणि वारा तिथे पोचत नाही. 2006 च्या नोव्हेंबरात स्वीडनच्या हेल्सिंगबर्ग बंदरात 'सागा स्प्रे' जहाजावर असाच होल्डलगतच्या जिन्यात उतरलेला खलाशी गेला. माल तोच, कॅनडाहून आणलेल्या लाकडी पेलेट. सुट्या मालाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत आज स्पष्ट लिहिलंय की होल्डमध्येच नव्हे, तर लगतच्या बंदिस्त जागेतही हवा तपासल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. तो कागद माझ्या फाइलमध्ये होता. कॅडेटला मी तो सवानाला वाचायलाही दिला होता, त्याने खाली सही केली होती. सही घेतली म्हणजे पोराला समजलं, असं मी धरून चाललो. ती चूक माझी.

या इंधनावर लोक भांडतात ते झाडांवरून आणि धुरावरून: जंगल पुन्हा उगवायला किती वर्षं लागतात, चिमणीतून निघणारा कार्बन हिशेबात शून्य कसा धरायचा. ते प्रश्न खरेच आहेत. पण झाड आणि चिमणी यांच्यामध्ये एक जहाज असतं, त्यावर वीस-बावीस माणसं असतात, याची आठवण कुणाला होत नाही. कोळशाला सगळे घाबरून असतात. याला 'हरित' म्हणतात, वास सुताराच्या दुकानाचा, म्हणून हात सैल पडतात. युरोपात घराच्या तळघरात पेलेट साठवणारी माणसंही अशीच गेली आहेत. आपल्याकडे आता औष्णिक केंद्रांत कोळशात शेतकचऱ्याच्या पेलेट मिसळतात. त्या गोदामांत, सायलोंत उतरणाऱ्या कामगाराच्या हातात मीटर असलाच पाहिजे.

दुपारी मेसमध्ये मी चाचांना विचारलं, तुम्हाला इतक्या पटकन कसं सुचलं?

"साहेब, आमच्या गावचा एकजण भंगाराच्या जहाजावर असाच उतरला होता. त्याला काढायला दुसरा उतरला. दोघांचे जनाजे एकाच दिवशी निघाले." एवढं बोलून ते उठले.

माल उतरवायला चार दिवस लागले, मध्ये पाऊस आला. होल्ड रिकामा झाल्यावर आम्ही पंखा लावून जिन्यातली हवा रात्रभर उपसली. सकाळी आत उतरायचं परमिट कॅडेटनेच भरलं: वर, मध्ये, खाली, तिन्ही ठिकाणी ऑक्सिजन 20.9, कार्बन मोनॉक्साइड 0. एकेक आकडा मोठ्याने वाचून त्याने लिहिला, मग मीटर छातीला लावून उतरला. चाचा वर झाकणापाशी दोरी धरून बसले होते.

वॉकीटॉकी पिवळ्या भुकटीने माखला होता. चाचांनी तो फडक्याने पुसला आणि चार्जिंगला लावला.